लोणावळ्याचे एक वर्ष आणि परिषदेचे चार दिवस

अमेरिकेतील व आशियातील विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र जमावे, काही दिवस एकमेकांच्या देशांविषयी बोलावे आणि मैत्रीचा ठराव करून परतावे, ह्या उपक्रमाला आता नव्वद वर्षांहून अधिक काळ झाला आहे. त्याविषयी जे लिखाण होते ते बहुधा दोन प्रकारचे असते: यजमान संस्थेचा अहवाल, नाही तर सहभागी विद्यार्थ्याचे कृतज्ञ स्मरण. दोहोंचाही हेतू परीक्षण हा नसतो, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु परिषद हीही एक रचना आहे. तिला आरंभ असतो, अंगे असतात, तिची स्वतःची भाषा असते, तिच्यात बोलणारे असतात आणि गप्प बसणारेही असतात. जिला रचना आहे तिचे परीक्षण होऊ शकते. आणि भाषेच्या अभ्यासकाने ते करावयाचे ठरविले तर त्याचा पहिला प्रश्न असा राहील की, ह्या रचनेत प्रश्न कोण विचारतो, कोणत्या भाषेत विचारतो, आणि उत्तर समजून घेण्यासाठी कोणाला किती बदलावे लागते.

साचा सर्वपरिचित आहे. सकाळी निबंधवाचन, दुपारी गटचर्चा, सायंकाळी ‘सांस्कृतिक रजनी’, मधला एक दिवस सहल आणि अखेरीस ठराव. ‘सांस्कृतिक’ हे विशेषण ह्या साच्यात नेमके कोठे लागते ते पाहण्यासारखे आहे. ते सायंकाळच्या लेझिमीला लागते, लावणीला लागते, पुरणपोळीच्या पंगतीला लागते. सकाळच्या चर्चेला ते कधीच लागत नाही. जणू काय सकाळी जे बोलले जाते ते संस्कृतीच्या बाहेरचे, सर्वांचे आणि म्हणून कोणाचेच नसलेले असे काही आहे. आणि संस्कृती ही दिवे लागल्यावर पोशाख बदलून मंचावर आणावयाची वस्तू आहे. ह्या विभागणीत यजमानाच्या वाट्याला सायंकाळ येते. सकाळ इंग्रजीची असते.

ह्या साच्याचा मूळ नमुना म्हणून १९३४ साली टोकिओत भरलेल्या जपान-अमेरिका विद्यार्थी परिषदेकडे पाहावे लागते. तिचा पुढाकार जपानी विद्यार्थ्यांचा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दोन राष्ट्रांचे संबंध बिघडत चालले असता काही विद्यार्थ्यांनी आपणहून अमेरिकन विद्यार्थ्यांना आमंत्रण दिले. पुढल्या वर्षी ही परिषद अमेरिकेत, पोर्टलंडच्या रीड महाविद्यालयात भरली. आणि आळीपाळीने ती चालत राहिली. १९४१ मध्ये युद्ध पेटले तेव्हा ती अर्थातच थांबली व १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाली. युद्धापूर्वी तिच्यात भाग घेतलेले किइची मियाझावा पुढे १९९१ मध्ये जपानचे पंतप्रधान झाले. १९५१ च्या परिषदेत हेन्री किसिंजर होते. परिषदेने युद्ध टाळले नाही म्हणून ती निष्फळ, असा न्याय कोणी करू नये. विद्यार्थ्यांच्या परिचयाने राष्ट्रांचे आरमार मागे फिरत नसते. तिच्यापासून इतकेच अपेक्षावे की, उद्या निर्णय घेणाऱ्या माणसांच्या मनात परदेश हा नकाशावरचा रंग न राहता चार ओळखीच्या चेहऱ्यांचा व्हावा. आणि तेवढे तिने केले असे दिसते. १९९१ मध्ये हार्व्हर्डच्या विद्यार्थ्यांनी आशियाशी संबंध जोडण्यासाठी जो प्रकल्प सुरू केला, आणि ज्याच्या परिषदा आशियातील निरनिराळ्या शहरांत भरत आल्या, तोही ह्याच कुळातला.

जपानच्या उदाहरणात एक गोष्ट मात्र सहसा नजरेतून सुटते. तेथील विद्यार्थी परिषदेत इंग्रजीत बोलला तरी ती संपल्यावर तो ज्या विद्यापीठात परत जात होता ते जपानी भाषेत चालणारे होते. इंग्रजी ही त्याने पाहुण्यासाठी केलेली सोय होती. घरातली सत्ता त्या भाषेकडे नव्हती. महाराष्ट्रात हाच साचा उचलून आणला म्हणजे त्याचा अर्थ पालटतो. येथे इंग्रजी ही पाहुण्यापुरती नाही. ती घरातल्याच दोन खोल्यांमधली भिंत आहे. पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयात कामशेत-वडगावकडून लोकलने येणारा, बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला आणि पदव्युत्तर वर्गात आपल्या विषयावर उत्तम अधिकार मिळविलेला विद्यार्थी अशा परिषदेत काय करतो? तो बिल्ला लावून स्वागतकक्षात उभा राहतो, पाहुण्यांच्या बॅगा मोजतो, बसमध्ये पाण्याच्या बाटल्या पोचत्या करतो आणि सायंकाळी ढोल वाजवितो. निबंध वाचतो तो त्याचा दुसरा वर्गबंधू, ज्याला मावळातील भातशेतीविषयी किंवा एकवीरेच्या यात्रेविषयी ह्याच्या निम्मेही ठाऊक नसते. पाहुण्याला ही भिंत दिसत नाही, कारण ती त्याच्या बाजूने काचेची आहे.

भाषेची ही निवड केवळ सोयीची आहे, आशयावर तिचा परिणाम होत नाही, असे उत्तर ह्यावर दिले जाते. ते तपासून पाहण्यास परिषदेचा ठराव हे चांगले साधन आहे. अशा ठरावांचा कर्ता जवळजवळ नेहमी इंग्रजीतील ‘वुई’ असतो. हा ठराव मराठीत आणावयास बसलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याच शब्दाला प्रश्न उभा राहतो, कारण मराठीत ह्या एका सर्वनामाला दोन सर्वनामे आहेत. ऐकणाऱ्याला वगळावयाचे असेल तर ‘आम्ही’, आणि त्याला सामावून घ्यावयाचे असेल तर ‘आपण’. इंग्रजी बोलणाऱ्याला ही निवड कधीच करावी लागत नाही. मराठी बोलणाऱ्याला ती टाळता येत नाही. ‘आम्ही विद्यार्थी असे मानतो’ म्हटले तर ठराव सभागृहाच्या दाराशी थांबतो, बाहेरच्या लोकांना तो काहीतरी सांगत असतो. ‘आपण सारे असे मानतो’ म्हटले तर बाहेरच्याला, म्हणजे ज्याला विचारलेलेच नाही त्यालाही, त्यात ओढून घेतलेले असते. शिवाय ‘आपण’ हे आदरार्थी द्वितीय पुरुषाचेही रूप असल्यामुळे वाक्य थोडे वाकडे बसले तर जबाबदारी सगळीच ऐकणाऱ्यावर जाऊन पडते. चार दिवस जी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही ती अनुवादकाला पाच मिनिटांत दिसते: ह्या परिषदेतील ‘वुई’ म्हणजे नक्की कोण, हे ठरलेलेच नव्हते.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. आम्ही-आपण हा भेद संस्कृतात नाही. द्राविडी भाषांत तो आहे. आणि मराठीने तो द्राविडी भाषांच्या शेजारातून उचलला असावा, असे भाषाशास्त्रज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. फ्रँकलिन साउथवर्थ ह्या अमेरिकन अभ्यासकाने तर १९७१ मधील एका निबंधात मराठीची घडणच अशा मिश्रणातून झाली असावी काय, असा प्रश्न मांडला. त्याचा सिद्धान्त सर्वांना पटलेला नाही. पण दोन समाजांचा विनिमय खरोखरीच खोल गेला तर तो कोठवर जातो ह्याची कल्पना ह्या सर्वनामावरून येते. तो वेशभूषेपाशी आणि पाककृतीपाशी थांबत नाही. ‘आम्ही’ कोण, हे सांगण्याच्या रीतीपर्यंत जाऊन पोचतो. अर्थात् त्याला शतके लागतात, आणि कोणत्याही परिषदेला शतके देता येत नाहीत.

शतके नव्हेत, तरी एक वर्ष देता येते. पुण्यात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची सहल परंपरेने मावळाकडे वळते. कार्ले, भाजे, मग लोणावळा, चिक्की आणि परत. ही बस लोणावळ्यात ज्या परिसरातून फिरते तेथेच कैवल्यधाम आहे, आणि अमेरिकन विद्यापीठ व आशियाई संस्था ह्यांच्यातील विनिमयाचे एक अत्यंत ठोस उदाहरण तेथे घडून गेले आहे. त्याची वाच्यता सहलीच्या माहितीपत्रकात झालीच तर ‘प्राचीन योगविद्येचे केंद्र’ अशा शब्दांत होते, आणि त्या शब्दांत त्या उदाहरणाचा सगळा मुद्दा हरवतो.

कैवल्यधामाची स्थापना १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी केली. त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात व्यायाम, नर्मदाकाठी माल्सर येथे परमहंस माधवदासजींकडे योग आणि अमळनेरला अध्यापन, अशा तीन वाटांनी ते लोणावळ्यास पोचले. पण ह्या चरित्रापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे आश्रम उभारण्यापूर्वीच त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिलेला होता. आसने, बंध, नौली ह्या क्रिया चालू असताना शरीराच्या आत प्रत्यक्ष काय होते? हा प्रश्न घेऊन त्यांनी बडोद्यात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान व नौली ह्यांची तपासणी केली. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यात हवेचा दाब उतरतो असे त्यांस आढळले, आणि त्या अवस्थेस त्यांनी ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. ह्या संज्ञेकडे भाषेच्या दृष्टीने दोन क्षण थांबून पाहावे. तिचे उत्तरपद पाश्चात्त्य पदार्थविज्ञानातले, पूर्वपद गुरूचे. शोधाला गुरूचे नाव देणे ही आपल्याकडील रीत. शोधाला व्यक्तीचे नाव देणे ही तिकडच्या विज्ञानाचीही रीत. दोन्ही रीती एका शब्दात सहज बसल्या, कारण तो शब्द घडविणाऱ्याला दोहोंपैकी कोणतीही उसनी वाटत नव्हती. १९२४ पासूनच ‘योग-मीमांसा’ हे त्रैमासिक निघू लागले व हे संशोधन इंग्रजीतून जगापुढे गेले.

ह्या ठिकाणी १९३१-३२ च्या सुमारास येल विद्यापीठाचा एक विद्यार्थी येऊन राहिला. कोवूर बेहानन हे त्याचे नाव. तो जन्माने त्रावणकोरचा, मल्याळी, सीरियन ख्रिस्ती कुटुंबातला. म्हणजे लोणावळा त्याला येलइतकेच परके नसले तरी घरचेही नव्हते. येलची शिष्यवृत्ती घेऊन तो योगाचा मानसशास्त्रीय अभ्यास करण्यासाठी आला आणि सुमारे वर्षभर कुवलयानंदांच्या हाताखाली स्वतः अभ्यासाला बसला. निरीक्षकाची खुर्ची मागून न घेता तो साधकाच्या आसनावर बसला, एवढी एक गोष्टही त्याला आजच्या पाहुण्यांपासून वेगळे काढण्यास पुरेशी आहे. परत गेल्यावर त्याने येलच्या प्रयोगशाळेत मापने केली, १९३४ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १९३७ मध्ये योगाचे शास्त्रीय मूल्यमापन करणारा आपला ग्रंथ न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध केला.

हा ग्रंथ आज वाचताना त्याच्या मर्यादा झाकता येत नाहीत. श्वसनाच्या प्रयोगांत प्रयोगाधीन व्यक्ती मुख्यतः लेखक स्वतःच आहे. उज्जायीत प्राणवायूचा व्यय २४.५ टक्क्यांनी, भस्त्रिकेत १८.५ टक्क्यांनी आणि कपालभातीत १२ टक्क्यांनी वाढतो, हे त्याचे आकडे पुढे पुष्कळांनी उद्धृत केले; पण एका माणसाच्या श्वासावरून काढलेल्या आकड्यांना किती वजन द्यावयाचे, हे उद्धृत करणाऱ्यांनी सहसा सांगितले नाही. तथापि लेखकाची वृत्ती मात्र स्वच्छ आहे. प्राणायामानंतर लगेच घेतलेल्या बौद्धिक चाचण्यांत आपली कामगिरी सुधारत नाही, उलट मंदावते, हे त्याने लपविलेले नाही. योगाच्या अद्भुत सिद्धींविषयी त्याने भोळेपणा दाखविला नाही, आणि त्याच वेळी ज्या साधकांच्या सहवासात तो राहिला त्यांच्या प्रसन्न, स्थिर स्वभावाची नोंद करण्यास तो कचरला नाही. गुरूचा मान राखून गुरुगृहीच्या गोष्टी तपासण्याचे हे धैर्य आहे. आणि ते त्याला तेथेच शिकावयास मिळाले असले पाहिजे, कारण त्याचा गुरू स्वतःच ते करीत होता.

ग्रंथाच्या भाषेत एक भेद दिसतो, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. ज्या क्रिया लेखकाने शरीराने केल्या त्यांची नावे त्याने मूळचीच ठेवली. उज्जायी, भस्त्रिका, कपालभाती, नौली. त्यांना पर्याय शोधण्याचा प्रयत्नच नाही, आणि वाचकालाही त्यामुळे अडचण होत नाही, कारण प्रत्येक नावामागे कृतीचे वर्णन भक्कम उभे आहे. परंतु योगामागील तत्त्वज्ञानाच्या विवरणात, म्हणजे जे प्राधान्याने वाचून मिळविलेले आहे तेथे, मानसशास्त्राच्या इंग्रजी परिभाषेचा आधार घेतला की संज्ञा फिकी पडते. ‘चित्त’ आणि ‘मन’ ह्यांच्यामधील अंतर तेथे मिटू लागते. ह्याचा अर्थ असा की, परभाषेतील शब्द जसाच्या तसा वागविण्याचा अधिकार वास्तव्याने मिळतो. वाचनाने मिळतो तो पर्यायी शब्द. परिषदेचा पाहुणा दुसऱ्या दिवशी ‘योगा’, ‘धर्मा’, ‘गुरू’ हे शब्द मोकळेपणाने वापरू लागतो तेव्हा ते शब्द मूळचे दिसतात खरे. पण त्यांच्यामागे केलेले काहीच नसते.

लोणावळ्याच्या ह्या वर्षाचे वैशिष्ट्य पाहुण्याच्या निष्ठेत शोधले जाईल. निष्ठा होतीच. परंतु खरे कारण यजमानाकडे होते. पाहुणा येण्यापूर्वीच यजमानाजवळ स्वतःचा प्रश्न होता, स्वतःची उपकरणे होती आणि स्वतःचे त्रैमासिक होते. येलचा विद्यार्थी आला नसता तरी लोणावळ्याचे काम चालू राहिले असते. म्हणूनच तो आला तेव्हा त्याला काही ‘दाखवावे’ लागले नाही; चाललेल्या कामात त्याला एक जागा मिळाली. आपल्या परिषदांतील उणीव येथे आहे. पाहुण्यांच्या इंग्रजीपेक्षा यजमानांचे प्रश्नशून्य असणे अधिक घातक आहे. ज्याच्याजवळ विचारावयाचे काही नाही तो दाखवावयाचे काहीतरी शोधतो, आणि मग लेझीम येते.

ह्याच मावळात, अगदी वेगळ्या क्षेत्रात, हेच तत्त्व पडताळून पाहता येते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी तांदूळ हा आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ ह्यांच्या संकरातून झालेला आहे. आयआर-८ हे वाण फिलिपाइन्समधील ज्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९६६ मध्ये दिले, ती फोर्ड व रॉकफेलर ह्या अमेरिकन प्रतिष्ठानांच्या साहाय्याने १९६० मध्ये उभी राहिली होती. आयआर-८ बुटके आणि भरघोस उत्पन्नाचे. आंबेमोहर सुगंधी, पण उंच, लोळणारे आणि उत्पन्नाला बेताचे. सुवास राखून उत्पन्न कसे वाढवावयाचे, हा प्रश्न मावळच्या खाचरातला होता. तो असल्यामुळे परदेशी वाण येथे आले ते एका अंगापुरते आले आणि ताटात आज जे पडते त्याला मावळच्या नदीचे नाव मिळाले. असो.

आता कार्ल्याकडे. चैत्यगृहाच्या खांबांवरील ब्राह्मी लेखांत धेनुकाकट येथील ‘यवन’ दात्यांची नावे आहेत, आणि परदेशी विद्यार्थ्यांना ती मोठ्या हौसेने दाखविली जातात: पाहा, दोन हजार वर्षांपूर्वीही पश्चिमेकडचे लोक येथे येत होते. हे यवन वंशाने ग्रीक होते की नाही ह्याविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण मार्गदर्शक ते सांगत नाही. त्याहून महत्त्वाचे जे आहे तेही तो सांगत नाही. त्या लेखांची भाषा प्राकृत आहे, आणि दात्यांची नावेही प्राकृत वळणाची आहेत. परका आला तो येथल्या भाषेत आपले दान कोरवून गेला. ओळख म्हणून ‘यवन’ एवढा शब्द त्याने राखला. त्याची स्वतःची भाषा जर निराळी असेल, तर तिचा एक वर्णही ह्या खांबांवर नाही. आजच्या परिषदेत मराठीचे जे होते ते तेव्हा त्याच्या भाषेचे झाले, असे कोणी म्हटले तर ते अगदीच चुकीचे ठरणार नाही. एकतर्फीपणा दोन्ही दिशांनी संभवतो, म्हणून कार्ल्याचा खांब आदर्श म्हणून उभा करण्यात अर्थ नाही. परंतु त्याच्याकडे भूतकाळातील मैत्रीचे छायाचित्र म्हणून पाहण्यापेक्षा भाषेविषयीचा एक करार म्हणून पाहिले, तर विद्यार्थ्यांना बोलण्यासारखे पुष्कळ निघेल.

कार्ल्याच्या त्याच लेखांत एका प्रदेशाचे नाव आले आहे. ‘मामाल’, ‘मामाड’ असे त्याचे वाचन केले गेले असून आजच्या ‘मावळ’चे ते पूर्वरूप मानले जाते. दामोदर धर्मानंद कोसंबी ह्यांनी ह्या नावाचा माग घेत मावळातील डोंगरवाटा तुडविल्या, गावकऱ्यांकडून ग्रामदेवींची नावे व कथा गोळा केल्या, आणि धेनुकाकटाच्या स्थळाविषयी आपले मत मांडले. कोसंबी १९२९ चे हार्व्हर्डचे पदवीधर. हार्व्हर्डमध्ये मिळालेली शिस्त आणि कातकरी-धनगरांकडून ऐकलेले नाव ह्यांची सांगड घालण्यासाठी त्यांना कोणत्या परिषदेची गरज पडली नाही. पायताण आणि मराठी पुरले. आज सहलीची बस येते तेव्हा चैत्यगृहाच्या दारातच एकवीरेचे देऊळ आहे, कोकणपट्टीतून आलेले कोळी यात्रेकरू रांगेत उभे आहेत, आणि परदेशी विद्यार्थी त्यांना ओलांडून लेण्यात शिरतात. बोलती संस्कृती बाहेर रांगेत उभी असते. तिच्याशी बोलावयाचे तर कोळ्यांची बोली समजणारा कोणीतरी बरोबर हवा. आणि तो बहुधा बसमध्ये बाटल्या मोजत राहिलेला असतो.

पुण्यात ह्याहून चांगले झालेले नाही असे नाही. १९५४ पासून डेक्कन कॉलेजमध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाशास्त्राची जी सत्रे भरली, त्यांत शिकविण्यास अमेरिकन विद्वान आले आणि शिकण्यास भारतीय बसले. वरवर पाहता दाता व घेता ठरलेले होते. तरीही फळ्यावर लिहिली जाणारी उदाहरणे येथल्या भाषांची होती, आणि ती बरोबर की चूक ह्याचा अंतिम निर्णय विद्यार्थ्यांच्या जिभेवर होता. शिक्षकाचे विश्लेषण विद्यार्थी आपल्या भाषेच्या आधारे खोडू शकत असेल, तर त्या वर्गाला विनिमय म्हणावयास हरकत नाही. ह्याच पिढीतील अशोक केळकर कॉर्नेलला गेले आणि १९५८ मध्ये मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर व रूपव्यवस्थेवर प्रबंध देऊन परतले. मराठी तेथे प्रदर्शनाला न जाता अभ्यासविषय म्हणून गेली.

१९६९ पासून अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील महाविद्यालयांच्या संघाने पुण्यात जो भारत-अध्ययनाचा कार्यक्रम चालविला, त्यातील तरुण विद्यार्थी पुणेकर कुटुंबांत राहत, मराठी शिकत आणि एखाद्या विषयावर स्वतंत्र शोधनिबंध लिहीत. ह्या कामाशी संबंधित असलेल्या मॅक्सीन बर्नसन ह्यांनी फलटणच्या बोलींतील सामाजिक भेदांवर १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली व पुढे फलटणलाच शाळा उभारली. त्यांनी जाई निंबकर ह्यांच्यासह मराठीची जी पाठ्यपुस्तके व व्याकरण सिद्ध केले, त्यांच्याइतके उपयुक्त फळ परिषदांच्या ठरावांतून क्वचितच निघाले असेल. घरात राहून मराठी शिकणाऱ्या पाहुण्याला पहिल्याच आठवड्यात तू, तुम्ही, आपण ह्यांतील निवड करावी लागते, चुकावे लागते, आणि घरातील आजीकडून दुरुस्त होऊन घ्यावे लागते. आजी शिक्षिका होते. परिषदेत ती फक्त पुरणपोळी वाढते.

ह्यावर असा आक्षेप निघेल की, वर्षभराचे वास्तव्य आणि चार दिवसांची परिषद ह्यांची तुलनाच अन्याय्य आहे. पैसा, वेळ, परवाने सारे वेगळे. आक्षेप रास्त आहे. परंतु लोणावळ्याचे वर्ष परिषदेला देता येत नसले तरी लोणावळ्याचा प्रश्न देता येतो. परिषद भरविणाऱ्या विभागाने पाहुण्यांना विषयांची यादी धाडण्यापूर्वी स्वतःच्या विद्यार्थ्यांना सहा महिने एका प्रश्नावर कामाला लावावे. मग तो प्रश्न एकवीरेच्या रांगेतील बोलीचा असो, की पवनेच्या धरणाने उठलेल्या गावांच्या नावांचा. तो प्रश्न मराठीत लिहिला जावा, निबंध मराठीत वाचला जावा, आणि पाहुण्यांसाठी त्याचा अनुवाद व्हावा. पाहुणा कानाला यंत्र लावून एक सकाळ ऐकत बसला तर त्याचा अपमान होत नाही. टोकिओचा विद्यार्थी १९३४ मध्ये तेच करीत होता, आणि तेही यंत्रावाचून.

अहवालाचेही तसेच. १८८६ मध्ये पंडिता रमाबाई आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी फिलाडेल्फियास गेल्या, दोन वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या आणि परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनाइटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिले. तिकडील शाळा, स्त्रियांच्या संस्था, वर्णभेद, सारे त्यांनी पारखून पाहिले, स्तुती केली तेथे मन मोकळे करून केली आणि दोष दाखविले तेथे हात राखला नाही. पाहणारी व्यक्ती मराठी आणि पाहिला गेलेला देश अमेरिका, ही दिशा आजच्या परिषदांच्या वाङ्मयात जवळपास सापडत नाही. आपले विद्यार्थी अमेरिकन विद्यार्थ्यांविषयी काय पाहतात, चार दिवसांत त्यांच्या बोलण्यातील, मौनातील, वेळ पाळण्यातील कोणती गोष्ट त्यांना खटकते किंवा आवडते, हे मराठीत कोठेही लिहून ठेवले जात नाही. अहवालाचा मराठी भाग म्हणजे आभारप्रदर्शन.

निदान अनुवादकाचे नाव तरी अहवालावर असावे, आणि त्याने ज्या ज्या ठिकाणी ‘वुई’साठी ‘आम्ही’ घातले व ज्या ठिकाणी ‘आपण’ घातले, तेथे तेथे त्याची कारणे तळटीपेत छापली जावीत. परिषदेच्या अखेरच्या दिवशी ठरावावर मत घेण्यापूर्वी त्या तळटीपा सभागृहापुढे वाचल्या जाव्यात, आणि त्यांवर चर्चा व्हावी. त्यासाठी सांस्कृतिक रजनी अर्धा तास उशिरा सुरू झाली तरी चालेल.